उंदीरछाप कुऱ्हाड

भोजलाल सरांना तारीख नसलेलं काहीच चालत नसे. "परवा आमच्याकडे पाहुणे आले होते," असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं, की वहीतून मान वर न करता ते विचारत, "तारीख?" कुणी गेल्याची बातमी आली तरी आधी तारीख, मग अरेरे. तारखेसकट सांगितला तो इतिहास, तारखेशिवाय सांगितली ती चहाटळकी, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि अशा माणसावर लिहायला मी बसलोय, मला तर स्वतःच्या लग्नाची तारीखही बायकोला विचारावी लागते. सर हल्ली रायपूरला मुलीकडे असतात. हे वाचलं तर पहिल्याच ओळीला तांबड्या पेनानं गोल करतील. करू देत.

सालेकशाकडच्या जंगलाच्या कडेला आमचं गाव. रायपूरकडे जाणाऱ्या गाड्या गावाबाहेरून शिट्टी मारत जातात, थांबत नाहीत. गावच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर आणि ते इतिहासाचे. दोघंही इथलेच. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पॅन्ट घोट्याच्या दोन बोटं वर आणि सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. माणूस नखशिखान्त मास्तर. फक्त बोटं तेवढी लोहाराची होती, जाड आणि चपटी. ती ते खडूच्या भुकटीत लपवत, असं मला उगाच वाटायचं.

कारण त्यांचे वडील मंगरू लोहार होते. गावातल्या वखराची प्रत्येक पास, प्रत्येक विळा मंगरूच्या भट्टीतून आलेला. पण सरांसमोर तो विषय काढायची सोय नव्हती. एकदा आमच्या हेडमास्तरांनी भोळेपणानं म्हटलं, "सर, कपाटाची कडी वाकलीय, जरा ठोकून द्या ना, तुमच्या घरचंच काम." सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. वडील वारल्यावर महिन्याभरात त्यांनी ऐरण, भाता, सांडशा, घण, सगळं भंगारवाल्याच्या गाडीत चढवलं आणि भट्टीच्या जागी फरशी बसवून अभ्यासिका केली. तिथं पुस्तकांची दोन कपाटं, एक टेबल आणि भिंतीवर, दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक कुऱ्हाड.

ती कुऱ्हाड अमेरिकन होती. म्हणजे सर तसं म्हणत. नोकरीचा कागद हातात पडला त्या दिवशी वडिलांनी ती त्यांना दिली होती. रेल्वेच्या ठेकेदाराकडे कधीकाळी एक गोरा साहेब होता, त्यानं खूश होऊन मंगरूला दिली, अशी तिची कथा. पात्यावर एक प्राणी कोरलेला. सर म्हणत तो बीव्हर, अमेरिकेतल्या नद्यांमधला, दातांनी झाडं पाडणारं जनावर. गाव म्हणे उंदीर. गावाची चूक नव्हती, तो उंदरासारखाच दिसायचा.

या एका कुऱ्हाडीपायी सरांनी आयुष्याची बत्तीस-तेहेतीस वर्षं त्या कंपनीचा इतिहास लिहिण्यात घातली. रायपूरच्या रद्दीच्या दुकानातून जुना कॅटलॉग मिळवला, गोंदियाच्या सायबर कॅफेत बसून पानंच्या पानं उतरवली, पुढे मोबाइल आल्यावर तर विचारूच नका. कंपनीला ते "आपली कंपनी" म्हणत. "आपल्या कंपनीत मोठी आग लागली होती," असं ते इतक्या दुःखानं सांगत की नवीन आलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी एकदा विचारलं, "इन्शुरन्स होता का सर?"

तो इतिहास आम्हा सगळ्यांना पाठ होता. दोघे भाऊ. नदीकाठी एक शेड, पाण्याच्या चाकावर चालणारा घण. त्या काळी तिकडे कुऱ्हाड विकत घेतली की धार घरी जाऊन स्वतःच लावायची. या भावांनी धार लावून, दांडा घालून तयार कुऱ्हाड दुकानात ठेवली आणि अख्खा मुलूख यांच्या दारात आला. मग डोंगराच्या लोकांसाठी वेगळं पातं, दलदलीच्या लोकांसाठी वेगळं, दुधारी वेगळं. मग जावयानं कारभार हातात घेतला, मग नक्कल करणाऱ्यांवर खटले, मग यांत्रिक करवत आली आणि कुऱ्हाडीचे दिवस फिरले. कंपनी एकानं घेतली, त्याच्याकडून दुसऱ्यानं. आताचा मालक बागेत पाणी घालायचे रबरी पाइप विकतो. इथपर्यंत आलं की सरांचा आवाज दाटून येई.

पण त्यांचा सगळ्यात आवडता भाग पहिलाच. "दोघे भाऊ कोणाचे मुलगे होते, सांगा?" ते टेबलावर हात आपटून विचारत. "लोहाराचे! बाप साधा लोहार! त्याच्या हाताखाली शिकले आणि जगाला कुऱ्हाड दिली!" लोहाराच्या पोटी जन्मणं अमेरिकेत केवढी मोठी गोष्ट आहे, हे ते अशा उत्साहानं पटवून देत आणि आम्ही सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसायचो. काय बोलणार, कप्पाळ!

कुऱ्हाडीला दांडा घालायचं भोक गोल होतं आणि कॅटलॉगमधल्या एकूण एक कुऱ्हाडींचं लांबट, अंड्यासारखं. दुसरा एखादा असता तर इथंच थबकला असता. सर इतिहासकार. त्यांनी त्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं: कंपनीनं पूर्वेच्या देशांसाठी काढलेला खास गोल भोकाचा नमुना. बीव्हरची चपटी रुंद शेपटी त्यांच्या पात्यावर बारीक, उंदराच्या शेपटासारखी होती, त्यावर दुसरं प्रकरण: कंपनीची मूळ, अतिप्राचीन मुद्रा. पुरावा काय, असं मी एकदा विचारलं. "पुरावा भिंतीवर आहे," ते म्हणाले.

एकदा ते ही कुऱ्हाड सायकलला बांधून पिपरियाच्या बाजूनं येत होते. एका प्रदर्शनात मांडली होती, तिथून परत आणताना. जंगलात वनरक्षकानं अडवलं. जंगलात कुऱ्हाड म्हटल्यावर तो बिचारा आपली नोकरी करत होता. "कहाँ ले जा रहे हो गुरुजी?" एवढंच त्यानं विचारलं आणि सरांनी सायकल स्टँडला लावली. पाण्याच्या चाकापासून सुरुवात केली. तासाभरानं, कंपनी दुसऱ्या मालकाकडे जायच्या बेताला, वनरक्षकानं हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, जाओ. लकडी काटो, जो करना है करो, पर जाओ." तेव्हापासून सर दिसले की तो वाट बदलायचा.

गंमत अशी की ती कुऱ्हाड लाकडाला कधी लागलीच नव्हती. शाळेची सहल चोरखमाऱ्याच्या जलाशयावर गेली, खिचडीसाठी सरपण फोडायचं होतं आणि सरांच्या पिशवीत कुऱ्हाड होती, पोरांना दाखवायला आणलेली. आम्ही मागितली. सर असे दचकले, जणू कुणी त्यांच्या मुलीचा हात मागितला. "ऐतिहासिक वस्तू आहे ती!" शेवटी ढाब्यावरून एक बोथट टांगी मागून आणली, तिनं पाऊण तास लाकडं कुटली आणि खिचडी चार वाजता खाल्ली. मंगरू होता तोवर म्हणे तो सरांना अधूनमधून विचारायचा, "चालवून पाह्यली का गा?" सर म्हणायचे, "बाबूजी, तुम्हाला नाही कळणार."

कंपनीला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं, इंग्रजीचा मास्तर म्हणून. आधी पाकिटं, मग ईमेल. वर्षानुवर्षं उत्तर नाही. सरांची निवृत्ती जवळ आली होती, पुस्तकाचं हस्तलिखित तयार होतं, नागपूरचा एक छापखानेवाला छापायला राजी होता. सरांची एकच इच्छा उरली होती: कंपनीनं एकदा म्हणावं, होय, ही आमची. ते वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायचं होतं. त्यासाठी पान कोरं ठेवलं होतं.

आणि एक दिवस खरंच उत्तर आलं. कंपनीचा जुना वस्तुसंग्रह सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी फार आस्थेनं लिहिलं होतं की फोटो पाहिले, कुऱ्हाड विलक्षण आहे, पण खात्रीसाठी दांडा काढून भोकाच्या आतल्या बाजूचे फोटो पाठवता येतील का. सरांनी शाळेत पेढे वाटले.

दांडा काढायला आम्ही दयारामकडे गेलो. दयाराम म्हणजे आमच्या गावचा वाढई, सुतारकामात पटाईत आणि बोलण्यात रंधा. आमच्याकडे कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या बारीक टोकाकडून घालून वर जाड टोकाशी आवळतात, पाचर वगैरे ठोकत नाहीत. अमेरिकेत उलट, खालून दांडा आणि वरून पाचर. हे सरांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. दयारामनं कुऱ्हाड उभी धरली, दोन ठोके मारले, पातं सरसर खाली उतरलं. पाचर नव्हतीच. सर म्हणाले, "पूर्वेचा नमुना."

दयारामनं भोकात बोट घालून पुसलं, उजेडाकडे धरलं आणि हसला. "सर, हे तं तुमच्या बाबूजीची होय."

"काय?"

"हे पाहा ना, तीन टिंब. मंगरूकाकाची खूण होय हे. माह्या घरच्या चौकटीत खिळा हाये त्याचा, त्याच्या टोपीवरबी हेच तीन टिंब हायेत. हे ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याची बनवली हाये. सडक अर्जुनीवरून आनत होते ना ते, हायवेवरून, मोडलेल्या ट्रकाइच्या कमानी."

भोजलाल सर शाळेत आणि घरात पुस्तकातलंच मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून गावचं ऐकलं. "काऊन फालतू बोलून राहिला बे? कंपनीची असू नाही शकत का तीन टिंब?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. दयारामनं कान पकडले, मग पात्याच्या धारेनं आपल्या मनगटावरचे केस सटकन काढून दाखवले आणि म्हणाला, "कोनाची बी असो. इतक्या सालाची पडून हाये अना धार पाहा." सरांनी पातं त्याच्या हातून घेतलं, फोटो काढायला लावले आणि मला म्हणाले, "पाठवा. तिकडून कळेल काय ते."

मी घरी येऊन मायला विचारलं. माझी माय ऐंशीच्या पुढची, गावातली सगळी कुलंगडी तिच्या पदराला बांधलेली. ती भाजी निवडत होती.

"तुले मालूम होतं?"

"आमच्या वक्ताच्या साऱ्याइले मालूम हाये."

"मग सांगितलं काऊन नाही कोणी?"

"मंगरूनंच सांगतलं होतं, भोजूले सांगू नोका." तिनं भाजीतली काडी बाजूला टाकली. "ठेकेदाराकडं त्यानं एक डाव तशी कुराड पाह्यली होती. मंग पोराची नोकरी लागली तवा महिनाभर बसून बनवली. म्या म्हनलं, तुह्या हातची म्हनून दे ना गा. तं म्हने, वहिनी, कंपनीची म्हनलं तं भोजू ठेवन. बापाची म्हनलं तं भंगारात देईन."

सरांचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता आणि एवढी कीवही. त्या भंगारवाल्याच्या गाडीला मागून धक्का मीच लावला होता, हेही आठवलं.

अमेरिकेचं उत्तर आठवड्यात आलं. मी आधी एकटाच वाचलं. भोजलाल सरांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू झाला होता, मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नसत, तेव्हा मी काहीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. तसा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू. पण ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या तारखेसाठी आमचे कान पिळले, त्याला खोटा कागद द्यायचा? अभ्यासिकेत बसून मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

ही कुऱ्हाड आमची नाही. गोल भोकाचा नमुना आम्ही कधीच केला नाही आणि आमच्या बीव्हरची शेपटी कधी अशी नव्हती. ज्यानं हा कोरला त्यानं बहुधा बीव्हर पाहिलेला नसावा. आमच्या मालाच्या नकला जगभर झाल्या, त्या बहुतेक टाकाऊ असतात. ही तशी नाही. मी हयात या कामात घालवली आहे आणि हातानं घडवलेली इतकी चांगली कुऱ्हाड क्वचित पाहिली आहे. हिच्या कारागिराची माहिती आम्हाला आमच्या संग्रहात ठेवायची आहे. त्याचं नाव, जन्म, तो कोणाकडे शिकला, तापलेल्या पोलादाला पाणी कसं देत असे, आपल्याला माहीत असेल ते सर्व कृपया कळवावं.

सरांनी कपाटातून कोरी वही काढली, तांबडं पेन ठेवलं, निळं घेतलं आणि वर लिहिलं: मंगरू. खाली: जन्म. आणि थांबले.

"बाबूजींचा जन्म..." ते म्हणाले.

"ते शिकले कोणाकडे? आमचे आजोबा तर... नाही, आजोबा लवकर गेले. मग कोणाकडे?" ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पाठ केलेलं असेल. "पाणी कशात देत? त्या कोपऱ्यात एक दगडी कुंडी होती. त्यात नुसतं पाणीच असे का? काहीतरी टाकत. मी बघितलंय त्यांना टाकताना. काय टाकत, हो?"

त्या परदेशी जावयाच्या आजीचं माहेरचं नावसुद्धा या माणसाला तोंडपाठ होतं. वहीचं पान मात्र कोरंच राहिलं. जिथं टेबल होतं, बरोबर तिथंच ऐरण असायची. सर उठले, फरशीकडे बघत उभे राहिले आणि मग लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो आणि नेमका कपाटाला धडकलो. आमच्यात हे असंच.

त्यानंतर सरांचं नवंच खूळ सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन घरोघर जायचं आणि चौकटी तपासायच्या. आमच्याकडे आषाढी अमावास्येला जिवती असते. त्या दिवशी लोहार दारोदार येऊन चौकटीत एक खिळा ठोकतो, घरावर काही वाईट येऊ नये म्हणून, आणि घरची बाई त्याला सुपातून तांदूळ-डाळ देते. मंगरू होता तोवर दरवर्षी यायचा. त्याच्यानंतर गावात कुणी येत नाही. पण जुन्या चौकटींत त्याचे खिळे अजून आहेत, ओळीनं, एकाखाली एक. सर ते मोजत, बोटानं चाचपून तीन टिंबं शोधत आणि घरच्या माणसाला विचारत, "हा कोणत्या साली ठोकला?" कुणाला सांगता येणार? लोक म्हणत, "आमचा मोठा झाला त्या साली," "बोडीचा बांध फुटला होता तवा." सर वैतागत, "तारीख सांगा हो, तारीख!" पण ते सगळं उतरवून घेत. नागपूरच्या छापखान्याला त्यांनी कळवलं की पुस्तक छापू नका. कुऱ्हाड दयारामला देऊन टाकली, वापरायला. तो सांगतो, अजून धार लावावी लागली नाही.

रायपूरला जायच्या आधीची ती शेवटची जिवती. सकाळी आमच्या दारात सर उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत वही. हातात हातोडी आणि आमगावच्या दुकानातून आणलेले खिळे.

"बाबूजींचं राहिलेलं आहे," ते मला म्हणाले. आवाज असा की, हसलात तर बघा.

मी हसलो नाही. मायला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. सरांनी मंगरूच्या शेवटच्या खिळ्याखाली जागा बघितली आणि ठोकायला लागले. पहिला ठोका खिळ्यावर, दुसरा अंगठ्यावर, तिसऱ्याला खिळा वाकला. लोहाराच्या त्या बोटांना काहीच ओळख उरली नव्हती. दुसरा खिळा घेतला, तोही तिरपा गेला, पण गेला. अंगठा तोंडात धरून सर मायसमोर ओट्यावर बसले.

"काकी," ते म्हणाले, "बाबूजी ठोकताना काही म्हणत होते का? मंत्र, काही?"

मी मायकडे बघितलं. भंगाराचं ते वाक्य तिच्या तोंडावर असणार, मला माहीत होतं. माय कुणाची भीड ठेवणारी नव्हे. तिनं सरांच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"मंतर कायचा?" ती म्हणाली. "दर साल एकच बोले. माहा भोजू लय मोठ्या लोकाइचा इतिहास लिहून राहिला, म्हने. मले त्यातलं काही समजत नाही वहिनी, म्हने, पर अक्षर लय सुंदर हाये त्याचं."

हे खरं होतं की तिनं तिथल्या तिथं रचलं, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. सरांनी मात्र वही उघडली, दुखऱ्या हातानं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि समासाशी येऊन सवयीनं विचारलं, "तारीख?"

"तारीख-बिरीख मले काय मालूम गा," माय म्हणाली. "जिवतीच होती."

मला वाटलं, आता चिडतील. सरांनी थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग तारखेच्या जागी, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, लिहिलं: जिवती. मायनं सुपात तांदूळ आणायला लावले, सरांनी शर्टाचा ओचा पुढे केला आणि हातोडी काखेत मारून पुढच्या दाराकडे गेले.